दोनदा दाब, धरतो : हेरल्डच्या ब्रेकच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

गाडी धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला, चारी चाकांपुढं लिंबं ठेवली. आईनं हळदकुंकू वाहिलं. लिंबं फोडायला गाडी पुढं घेतली, ती फुटली, आणि फाटकापाशी ब्रेक दाबला तर पॅडल थेट पत्र्याला टेकलं. पायाखाली काही नव्हतंच. हँडब्रेक ओढला. दांडा ऐटीत वर आला, गाडी आपली चाललेलीच. शेवटी समोरच्या प्लॉटवर बांधकामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगानं थांबवली. वेग माणसाच्या चालीचा होता म्हणून हारातली चारदोन फुलं गेली, इतकंच.

ओट्यावरून आप्पा ओरडले, "दोनदा दाब की, धरतो!"

दोनदा दाबला. पाचदा दाबला. नाही धरला.

हे "दोनदा दाब, धरतो" मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. या गाडीचं जणू ते मंत्रपुष्पांजलीतलं कडवंच. आज पहिल्यांदा लागू पडलं नाही.

गाडीची ओळख एकदाच लिहून ठेवते. १९६६ची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, ९४८ सीसी, मद्रासला बनलेली. आप्पांनी १९८१मध्ये हैदराबादहून आणली, तेव्हा बीडच्या मोंढ्यात आपली आडत होती. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, १९५९ची, आणि तिचा आकार काढला इटलीच्या मिकेलोत्तीनं. हीच चासी आखूड करून तीन वर्षांनी त्यांनी स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणून गल्लीतल्या पोरांना मी सांगते, ही स्पोर्ट्स कारची थोरली बहीण आहे. पोरं विचारतात, "मग पळती का मॅडम?" आता खरा प्रश्न वेगळाच आहे.

मागं कार्बोरेटर खोलला तेव्हा काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि एक स्प्रिंग कुठली हे शोधायला महिना गेला. म्हणून या वेळी वही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला सुरुवात. पुढच्या चाकांना आडवे दगड, मागं जॅक, चासीखाली आडतीच्या दुकानातले जुने सागवानी ठोकळे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हा नियम घरात मीच केलाय आणि मलाच रोज आठवावा लागतो.

ब्रेक ऑइलचा डबा ठणठणीत. हेरल्डला पॅडलचा जोर ऑइलवर देणारा एकच मास्टर सिलिंडर आणि चारी चाकांना त्याच्यातूनच एक लाइन. हल्लीच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक फुटली तरी दुसरी अर्धी गाडी थांबवते. इथं कुठंही एक थेंब गळायला लागला की पुढंमागं चारही चाकं गेली.

थेंब सापडायला वेळ लागला नाही. उजव्या मागच्या चाकाची आतली बाजू ओली, टायरवर ओघळ, आणि ओघळ गेला तिथला रंग सोलून निघालेला. ब्रेक ऑइल रंगाचं वैरी आहे. चार नट काढले, चाक बाजूला. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी, दोन बसक्या स्क्रूंवर असतो. डाव्या बाजूचे निघाले. उजवीकडचा एक हलेना. रॉकेल, थांबणं, हातोडीची टकटक, पुन्हा रॉकेल. शेवटी हातोडीनं ठोकून फिरवायचा स्क्रूड्रायव्हर शेजारच्या टायरवाल्याकडून आणला आणि तीन ठोक्यांत निघाला. अर्धा तास रॉकेलच्या आशेवर घालवला.

ड्रम उघडल्यावर भाचा तोंडानं फुंकर मारायला वाकला, त्याला मानगुटीला धरून मागं ओढलं. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पत्तीत, ॲस्बेस्टॉस असतं आणि ती काळी भुकटी फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचं नाही. ओलं फडकं, पिशवीत बांधून टाकून द्यायचं.

उजवीकडं चाकाचा सिलिंडर गळतोय, लायनर ऑइलनं चिंब. हे अपेक्षित होतं. डावीकडं मात्र मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

डावीकडं सगळं कोरडं. पण दोन शूंपैकी (लायनर ज्यांच्यावर बसतो त्या कमानी) एकाचा लायनर रिव्हेटपर्यंत घासलेला, आणि दुसरा? दुसऱ्यावर लायनर बनवणाऱ्यानं छापलेली पांढरी अक्षरं अजून वाचता येतात. म्हणजे तो शू ड्रमला कधी टेकलाच नाही. हे लायनर आप्पांनी बसवले तेव्हा मी बारावीत होते. आज मी बारावीला फिजिक्स शिकवते, आणि पोरांना आलंच पाहिजे म्हणून असा ब्रेक ज्यावर चालतो तो पास्कलचा नियम फळ्यावर काढते.

हे असं का होतं, ते नीट लिहिते. मागच्या चाकाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन एकच असतो. तो एका शूला ढकलतो. दुसऱ्या शूला ढकलायचं काम सिलिंडरचं अंग करतं: मागच्या पत्र्यात लांबट खाच आहे, तिच्यात अख्खा सिलिंडर उलट्या दिशेला सरकतो. तो मोकळा सरकला तरच दोन्ही शू लागतात. आमचा सिलिंडर खाचेत गंजून असा बसला होता की हातोडीलाही दाद देईना. हँडब्रेकही ह्याच सरकण्यावर चालतो, म्हणून तो फक्त शोभेचा उरला होता.

आणि हे कळलं कसं नाही? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागचे ब्रेक हळूहळू मेले तर गाडी एका दिवसात सांगत नाही. जरा लांब थांबते, माणूस जरा लांबून दाबायला लागतो.

संध्याकाळी आप्पांना तो अक्षरांचा शू दाखवला. त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली. म्हणाले, "चांगल्या कंपनीचा हाय."

१४ ऑक्टोबर

झोपताना सुचलेलं: आप्पा कायम पुढच्या गाडीपासून दोन बैलगाड्या मावतील एवढं अंतर ठेवतात आणि चाळीसच्या वर जात नाहीत. आम्ही घरात ह्यावर हसत आलो. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

२० ऑक्टोबर, रविवार

परतीच्या पावसानं दोन दिवस खाल्ले. मोंढ्यात भिजलेल्या सोयाबीनचा वास गल्लीपर्यंत येतोय.

पुढची चाकं उघडली. ड्रम पुढं आठ इंची, मागं सात इंची. पुढं सिलिंडर सुके, लायनर निम्मे शिल्लक, ड्रमला आतून कड आलेली पण चिरा नाहीत. रबरं तरीही सगळी बदलणार. मास्टर सिलिंडर काढायला हेरल्डइतकी सोपी गाडी नसेल: अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं आणि मेकॅनिकनं टायरवर पाटावर बसावं तसं बसून काम करायचं. फक्त सिलिंडर काढण्याआधी खाली भरपूर फडकी हवीत. मी कमी टाकली. बॅटरीशेजारी रुपयाएवढा रंग गेला. लगेच पाणी ओतायचं असतं, मी आधी कापूस शोधत बसले.

पान्यांचं एक लक्षात ठेवायचं. ही इंचातली गाडी आहे. अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा मिलिमीटरचा पाना चढतो, पण जरासा ढिला. सैल नटावर खपून जातं. गंजलेल्या पाइपच्या नटाला तेरा लावला की कोपरे गोल. आप्पांच्या जुन्या पेटीत इंची पान्यांचा सेट गोणपाटात गुंडाळलेला सापडला, त्यातला अर्ध्याचा नेमका नाही.

रबरांसाठी गावात चार दुकानं. तीन ठिकाणी "कोणती गाडी?" विचारून हसले. चौथ्यानं दुसऱ्याच गाडीची वायसरं पुढं केली, "जरा पॉलिश पेपर मारा, बसतंय." ब्रेकच्या रबराला पॉलिश पेपर! परत दिली. शेवटी चेन्नईला, पुदुपेटच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात फोन. त्या माणसाचं हिंदी आणि माझं हिंदी दोन्ही एकाच तोलाचं, पण "हेरल्ड, रियर, गर्लिंग" (गर्लिंग म्हणजे ब्रेकची कंपनी) एवढ्यावर सौदा झाला. मास्टरचं किट, पुढची किटं, होज (चाकापाशी जाणारी रबरी नळी) आणि मागच्या सिलिंडरची रबरं आहेत. मागचे सिलिंडर अख्खे नाहीत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

उजव्या सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, नखाला लागतील असे खड्डे. डावा सिलिंडर खाचेतून काढायला दोन संध्याकाळी गेल्या, तापव, थंड कर, ठोक. त्याचाही बोअर तसाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी आतून गंज चढवतं. पॉलिश पेपरनं इतके खोल खड्डे जाणार नाहीत, आणि घालवले तर बोअर मोठा होऊन रबर सैल पडेल.

उपाय एकच: बोअर मोठा करून आत स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, ठोकायची आणि ती मूळ मापाला आणायची. लेथवाले चाचा बोअरवेलच्या पंपांची कामं करतात, हात सोन्याचा. मी वहीत चित्र काढून नेलं, मापं व्हर्नियरनं घेऊन. चाचांनी सिलिंडर उन्हाकडं धरून आरपार पाहिलं.

"कब तक होना?"

"दिवाळीच्या आत होईल का?"

"नक्को बेटा, जल्दी नक्को. ब्रेक है, पंप नै."

मला हे फार आवडलं. पुढची सगळी दुकानं ह्या एका वाक्यावर तोलली.

शू लायनरवाल्याकडं टाकले. तो ट्रॅक्टर आणि टेम्पोचीच कामं करतो पण पत्ती कापून रिव्हेट मारून देतो. ऑइल प्यालेले लायनर धुऊन उन्हात वाळवायचा सल्ला दोघांनी दिला. वरून वाळतात, पण ड्रम तापला की आतलं ऑइल परत वर येतं. नकोच. परत घेताना एकच तपासायचं: रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाच्या खाली पुरेसं खोल हवं, नाहीतर ड्रमला रेघोट्या.

२ नोव्हेंबर, पाडवा

काही नाही. फराळ. गाडी ठोकळ्यांवर, तिच्यावर आकाशकंदिलाचा उजेड. आईनं पाडव्याला गाडीलाही ओवाळलं, मागची चाकं नसताना.

१० नोव्हेंबर, रविवार

पाइपचा दिवस. मागं जाणारा स्टीलचा पाइप चासीला क्लिपांनी धरलाय आणि प्रत्येक क्लिपेखाली गंजून पातळ झालाय. नखानं खरवडलं तर खपली निघाली.

फ्रिज-एसी दुरुस्त करणारा ओळखीचा, हुशार पोरगा. तो तांब्याची नळी घेऊनच आला, "मॅडम, दहा मिनिटांत वाकवून देतो, कधी गंजणार नाही." गंजणार नाही हे खरं. पण शुद्ध तांबं सततच्या कंपनानं कडक होत जातं आणि एके दिवशी तडकतं. फ्रिजचा गॅस गेला तर भाजी नासते. त्याला चहा पाजून परत पाठवला, राग आला नाही त्याला.

त्याचं फ्लेअरिंगचं हत्यारही चाललं नसतं. ते नळीचं तोंड एकेरी पसरवतं. ब्रेकच्या पाइपचं तोंड पसरवून परत आत दुमडावं लागतं, म्हणजे दाबाखाली चिरत नाही. दुहेरी फ्लेअरचं हत्यार ऑनलाइन मागवलं होतं, आणि तीन षोडशांश इंचाच्या स्टील पाइपची गुंडाळी. पहिले तीन फ्लेअर वाकडे. चौथा सुंदर, आरशासारखा, आणि तो करून झाल्यावर लक्षात आलं की नट पाइपवर आधी घालायचा राहिला. भाचा इतका हसला की त्याला वर पाठवावं लागलं. एकूण आठ कामाचे, सहा वाया. फेकलेली तोंडं डबीत ठेवलीत, वर्गात दाखवायला.

जुना होजसुद्धा कापून पाहिला. बाहेरून धडधाकट. आतून फुगून भोक सुईएवढं उरलेलं. अशा होजमधून पायाच्या जोरानं ऑइल जातं पण परत येत नाही, मग चाक धरूनच राहतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल कार्तिकी पौर्णिमा, कपिलधारची यात्रा, रस्ता गाड्यांनी भरलेला. आज शांत.

चाचांचे सिलिंडर आले. बोअर असा की त्यात बघून कुंकू लावावं. सकाळभर जुळणी. प्रत्येक रबर बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावून, ग्रीस नाही, इंजिन ऑइल तर नाहीच, त्यानं हे रबर फुगतं. मागच्या पत्र्यातली खाच कानशीनं साफ करून बोटांनी सिलिंडर सरकवून पाहिला, पाटावरचा डबा सरकावा तसा सरकतो. हे बघायला आप्पांना मुद्दाम खाली बोलावलं. त्यांनी पण दोनदा सरकवून पाहिला.

दुपारी ब्रेकच्या लाइनीतली एअर काढायला घेतली. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे डावं मागचं. सिलिंडरवरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. नवं डॉट ४ ब्रेक ऑइल, सील माझ्या हातानं तोडलेलं. कपाटात निम्मी वापरलेली बाटली होती, ती टाकून दिली. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी पिऊन झालं की तो किमान १५५ धरतात. घाटात ड्रम तापले की ऑइलातल्या ह्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल पुन्हा पत्र्याला.

आप्पा ड्रायव्हर सीटवर, मी गाडीखाली. आणि पहिला घोटाळा भाषेचा. मी ओरडले "सोड!", म्हणजे भाच्यानं निपल सोडायचा. आप्पांनी पॅडल सोडलं. हवा परत आत. दुसऱ्यांदा आप्पांनी विचारलं "सोडू का?" आणि भाच्यानं निपल सोडला. मग "सोड" हा शब्दच बाद केला. पाय "खाली", पाय "वर", निपल "उघड", निपल "बंद".

दुसरा घोटाळा आप्पांचा पाय. एकदा, सावकाश, खालपर्यंत, आणि तिथंच धरून ठेवायचं. पण त्यांचा पाय दोनदाच दाबतो. धप-धप. त्रेचाळीस वर्षांची सवय. "आप्पा, एकदाच हो!" "एकदाच दाबलो की." धप-धप. शेवटी आईला बसवलं. आईनं आयुष्यभर शिवणयंत्र चालवलंय. पाय असा उतरवते की मास्टर सिलिंडरलाही कळू नये.

आणि तरीही डाव्या चाकाला थेंब येईना. हवाही नाही, ऑइलही नाही. आईचं पॅडल दगडासारखं कडक. अंधार पडला. सगळे वैतागून वर.

१७ नोव्हेंबर, रविवार

सिलिंडरपाशी पाइपचा नट सैल केला: ऑइल आलं. म्हणजे पाइप, होज, मास्टर सगळं चोख. अडलंय सिलिंडरच्या आत. काढला, बॅटरीच्या उजेडात पाइपच्या भोकातून पाहिलं, पलीकडं चकचकीत स्टेनलेस. स्लीव्ह तळापर्यंत ठोकली होती आणि ऑइल आत यायचं भोकच तिनं झाकलं होतं.

दोन्ही सिलिंडर घेऊन चाचांकडं. त्यांनी एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हौ बेटा, छेद तो रह गया." मग माझी वही मागितली. माझ्या चित्रात छेद नव्हता. मापं सगळी होती, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि छेद नव्हता. चाचांनी काही न बोलता वही परत दिली, हे जास्त लागलं.

त्यांनी मूळच्या भोकांतून बारीक ड्रिल घातला. आतल्या बाजूला निघालेली कड मात्र मी घरी दोन तास बसून गोल केली, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून. ती धार राहिली असती तर पहिल्याच दाबाला रबराला चीर गेली असती.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. मी परवापासून केंद्रावर ड्युटीला, यंत्रं जमा करून मध्यरात्री घरी. गाडीकडं बघायचीही ताकद नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आई पॅडलवर, भाचा निपलवर, मी डब्यावर. डाव्या मागच्या चाकाला आधी फसफस, मग दुधावरच्या सायीसारखा फेस, मग एकसलग सोनेरी धार. एकूण चारी चाकांना पाऊण तास. डबा मधे रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर पहिल्यापासून.

पॅडल आता वरच्या वरच थांबतं. आईला विचारलं कसं वाटतंय. "नवी मशीन घेतल्यावर लागतं तसं."

ॲडजस्टर (शू ड्रमच्या किती जवळ राहील ते ठरवणारा): चौकोनी डोक्याचा बोल्ट आवळत जायचा, ड्रम जाम होईस्तोवर, मग एक टक मागं, हातानं फिरवून पाहायचं. मागच्या उजव्याला एकाच जागी घासतो, ड्रम किंचित अंडाकृती असावा. सध्या तसाच. हँडब्रेकची केबल आवळली, पाचव्या दातावर धरतो. फाटकापुढच्या उतारावर गाडी हँडब्रेकवर सोडून सगळे तिच्याकडं बघत उभे राहिलो. हलली नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं काय झालंय.

रात्रभर पॅडलवर आडवी काठी लावून दाब ठेवला. सकाळी सगळे सांधे कोरडे कागद फिरवून पाहिले. पुढच्या तिपाखी सांध्यावर कागद ओला. अष्टमांश फेरा आवळला.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे मोकळ्या रस्त्यावर. आधी दहाच्या वेगानं, मग वीस, मग तीस. खडूची रेघ मारली, रेघेवर ब्रेक, मग टेप. तिसाच्या वेगाला साडेसहा मीटर, तीनदा सरासरी. हिशोबानं गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्याहून थोडं जास्त मंदन. अठ्ठावन्न वर्षांच्या ड्रम ब्रेकला मी ह्याहून जास्त मागणार नाही. पहिल्या दोन वेळा गाडी डावीकडं ओढली. उजवा पुढचा एक टक आवळल्यावर सरळ. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला अजून दोनेकशे किलोमीटर जातील.

आप्पा शेजारी बसले होते. तिसाला जोरात मारला तेव्हा दोन्ही हात डॅशबोर्डवर. थोड्या वेळानं म्हणाले, "फार लागायलाय." पुढं काही बोलले नाहीत. घरी पोचलो तेव्हा फाटकापाशी उतरून मागच्या चाकाकडं वाकून बघत राहिले. "म्हंजी इतकी वर्सं मी पुढच्या दोन चाकांवरच गाडी हाणली."

"हो आप्पा."

"आन् तुमाला चौघांना घेऊन हैदराबादला गेलो होतो."

ह्याला मी उत्तर दिलं नाही. वहीत लिहिते आहे, एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

मांजरसुंब्याचा घाट. बीडहून वीसेक किलोमीटर, पाली सोडली की बालाघाटाची चढण लागते. सकाळी सहाला निघालो, थंडी, दोन्ही काचा खाली, फ्लास्कमध्ये चहा. वर जाताना मी चालवली. ९४८ सीसीचं इंजिन घाटात तक्रार करतं पण थांबत नाही. वर हॉटेलापाशी गाडी उभी केली तर दोन ट्रकवाले उतरून बघायला आले, बॉनेट उलटून दाखवावं लागलं.

उतरताना आप्पा म्हणाले, आण इकडं चावी. दिली. वरूनच खालच्या गिअरमध्ये, इंजिनवर धरून, मधेमधे ब्रेक. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पूर्वीसारखंच पुढच्या टेम्पोपासून दोन बैलगाड्यांचं अंतर. मग एका वळणावर तो टेम्पो अचानक थांबला आणि आप्पांनी ब्रेक दाबला. धप. गाडी तिथंच उभी, बरंच अंतर राखून. आणि मग दुसऱ्यांदा धप. मागच्या सीटवरचा फ्लास्क खाली आला, आतली काच गेली.

"आता दोनदा कामून दाबता?"

"पाय दाबतोय, मी नाही."

खाली पालीजवळ थांबून चारी ड्रमला हात लावून पाहिले. पुढचे दोन्ही गरम, सारखे. डावा मागचा कोमट. उजवा मागचा जास्त, तळहात तीन सेकंदांत उचलावा लागला. तोच अंडाकृती. ड्रम सोमवारी चाचांकडं टाकायचा, या वेळी चित्र काढून न देता. तोवर ॲडजस्टर एक टक मागं.

तिपाखी सांधा: कागद कोरडा. फ्लास्क नवा आणायचा.